मन ज्याचे त्याचे? जासईत तरी असे म्हणू नये

मानसिक आरोग्यावर मराठीत आता पुष्कळ बोलले जाते, आणि ते चांगलेच आहे. जो विषय पूर्वी दाराआडच्या कुजबुजीत संपायचा, तो आज दिवाळी अंकांत आणि शाळांच्या पालकसभांत येतो. पण या बोलण्याचा सूर बहुतेक वेळा एकच असतो : मन तुमचे आहे, तुम्हीच सांभाळा. पहाटे उठा, प्राणायाम करा, मोबाइल बाजूला ठेवा, विचार बदला म्हणजे आयुष्य बदलेल. यातला एकेक सल्ला सुटा घेतला तर निरुपद्रवी आहे, काही तर उपयोगीही आहेत. माझा आक्षेप त्यांच्यामागच्या सिद्धान्ताला आहे. मनाचे स्वास्थ्य ही ज्याची त्याची खासगी बाब, ते बिघडले तर उणीवही त्याची आणि दुरुस्तीही त्यानेच करायची, असा हा सिद्धान्त. तो पुराव्याला धरून नाही, आणि ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यावरच तो अन्याय करतो. हे दाखवण्यासाठी मी जासई हे गाव समोर ठेवतो.

जासई पनवेलच्या शेजारी, तालुका उरण. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे-बेलापूर पट्टा, पनवेल आणि उरण मिळून 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांना उभे केले ते याच गावात 1926 साली जन्मलेल्या दि. बा. पाटलांनी. 16 जानेवारी 1984 रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी त्यात गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून निघणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू याच पट्ट्यात, चिर्ल्याजवळ उतरला. भाताची शेते आणि मिठागरे होती तिथे कंटेनर यार्ड, ट्रेलरच्या रांगा आणि उड्डाणपूल आले. एवढे सगळे एका माणसाच्या हयातीत घडले. अशा गावातल्या माणसाला ‘मन तुझे, तूच सांभाळ’ म्हणणे कितपत बरोबर आहे, हे तपासू.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. त्याचे चार मुद्दे आहेत. पहिला : एकाच गावात, एकाच संकटात काही माणसे खचतात आणि काही तगतात, म्हणजे फरक परिस्थितीत नसून मनाच्या घडणीत आहे. दुसरा : परिस्थिती आपल्या हातात नसते, मन असते, म्हणून श्रम मनावरच करावेत. तिसरा : आपली परंपराही हेच सांगते, समर्थांनी उपदेश केला तो मनालाच. आणि चौथा मुद्दा खास या पट्ट्याबद्दल बोलला जातो : जमिनीला पैसा मिळाला, बंगले बांधले, गाड्या आल्या, आता दुःख कसले?

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कच्चा आहे.

पैसा आला की मन आपोआप सुखावते, ही समजूत समाजशास्त्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच खोडली. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्ये आत्महत्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मंदी आली की आत्महत्या वाढतात, हे लोकांना पटण्याजोगे होते. दुर्खीमने दाखवले की अचानक भरभराट आली तरी त्या वाढतात. त्याचे कारण त्याने असे दिले : माणसाने किती मिळवावे, कशात समाधान मानावे, कोणाशी बरोबरी करावी, याची मापे समाज ठरवत असतो. उलथापालथ दुःखाची असो वा सुबत्तेची, ती मापे मोडली की माणूस दिशाहीन होतो. धनादेश आला, पण पिढ्यानपिढ्यांची मापे त्याच आठवड्यात मोडली, असे ज्या घरांत घडले त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जमीन ही फक्त उत्पन्नाचे साधन नसते. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. पुरुष रस्त्याने चालताना रेंगाळू लागले. दिवसभरात काय केले, हे त्यांना धड सांगता येईना. याहोदांनी यातून पुढे जो निष्कर्ष काढला तो मोलाचा आहे. काम माणसाला पैशांखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांची सोबत, इतरांबरोबरचे उद्दिष्ट, चारचौघांतले स्थान आणि हातापायांना चाळा. मोबदला पैशाची भरपाई करतो, या पाचांची करत नाही.

उरण पट्ट्यातल्या शेतीत या पाचही गोष्टी होत्या. पावसाआधीचा राब, मग पेरणी, लावणी, कापणी, झोडणी. उन्हाळ्यात बांधांची डागडुजी, नाहीतर मिठागरावरचे काम. वर्षाला आकार होता. लावणी ही बायकांनी रांगेने मिळून करायची गोष्ट होती, आणि बोलायला घराबाहेरची माणसे त्या रांगेतच मिळायची. जमिनीबरोबर त्या बाईची नुसती मजुरी जात नाही, तिची बोलायची जागाही जाते. पुनर्वसनाच्या हिशेबात या जागेला रकाना नसतो.

मायकेल सेर्निया हे जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ. विस्थापनामुळे माणसे कशी दरिद्री होतात याचे आठ धोके त्यांनी 1990 च्या दशकात मांडले. भूमिहीनता आणि बेकारी त्यात आहेतच, पण वाढती आजारपणे, सामायिक संसाधने हातची जाणे आणि माणसामाणसांतली वीण उसवणे हेही त्यातच आहे. आणखी जवळचे उदाहरण मार्क फ्रीड यांचे. अमेरिकेत बॉस्टन शहराची वेस्ट एंड ही जुनी वस्ती पाडली गेल्यावर तिथल्या रहिवाशांवर त्यांनी 1963 मध्ये लिहिले. त्यातल्या अनेकांची अवस्था घरातले माणूस गेल्यावर होते तशी होती, आणि ती बराच काळ टिकली. जासईत गावठाण जागेवर राहिले, शिवार गेले, हा फरक मला मान्य आहे. पण घराच्या ओट्यावरून रोज त्याच गेलेल्या जमिनीवरची ट्रेलरची रांग पाहत राहणे हे काही कमी जड नसते.

या गावाने शोक कसा करावा हे दाखवूनही दिले आहे. गोळीबारात गेलेल्यांचे स्मरण इथे दरवर्षी जानेवारीत जाहीरपणे, मिळून केले जाते. त्यामुळे त्या मरणांना अर्थ मिळाला, त्या घरांना मान मिळाला. जमिनीच्या शोकाला मात्र असा दिवस नाही. तो ज्याने त्याने एकट्याने केला, आणि पुष्कळांनी केलाच नाही. पैसे मिळाल्यावर रडायचे कशाला, हा प्रश्न त्यांना आधीच विचारला गेला होता. न केलेला शोक कुठेतरी वाट काढतो : दारूत, चिडचिडीत, भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यांत, नाहीतर ‘काही दुखत नाही पण बरेही वाटत नाही’ अशा तक्रारीत. अशा माणसाला सकारात्मक राहा म्हणणे म्हणजे त्याचा शोक दुसऱ्यांदा नाकारणे आहे.

आता पहिला मुद्दा : काही खचतात, काही तगतात. हे खरे आहे, आणि त्यात अनुवंशाचा व स्वभावाचा वाटा आहे, हेही खरे. पण राहिलेला सगळा फरक मनाच्या कणखरपणाचा, हा निष्कर्ष घाईचा आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या साडेचारशेच्या वर स्त्रियांचा अभ्यास करून 1978 मध्ये नैराश्याच्या सामाजिक मुळांवर ग्रंथ लिहिला. मोठा आघात झालेल्या सगळ्याच बायका नैराश्यात गेल्या नाहीत. मग कोण गेल्या? ज्यांना मन मोकळे करायला जिव्हाळ्याचे माणूस नव्हते, ज्यांच्या पदरी तीन किंवा जास्त लहान मुले होती, ज्यांना घराबाहेर काम नव्हते, ज्यांची आई लहानपणीच गेली होती, त्यांच्यात हे प्रमाण मोठे होते. म्हणजे तगणाऱ्या आणि खचणाऱ्या माणसांतला फरक पुष्कळदा त्यांच्या आत नसतो, त्यांच्या शेजारी असतो. शरीराबाबतही हेच दिसते. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांची नातीगोती भक्कम होती त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

खारभूमीतल्या शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. उधाणात समुद्राकडच्या बांधाला खांड गेली की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. आपल्या वाफ्याची कितीही निगा राखलेली असो, बाहेरचा बांध फुटला असेल तर त्या एकट्या वाफ्यात भात पिकत नाही. मनाची निगा राखा म्हणणाऱ्यांनी बांधाचीही चौकशी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा मुद्दा, परिस्थिती हातात नसते. हे वाक्य निदान जासईत उच्चारू नये. मोबदला वाढणे, विकसित भूखंडाचा हक्क मिळणे, हे कोणाच्या ध्यानधारणेने झालेले नाही. माणसे एकत्र आली, त्यांनी किंमत मोजली, आणि सरकारचा निर्णय बदलला. परिस्थिती निर्णयांनी घडते आणि निर्णय बदलता येतात. हेच मानसिक आरोग्याबाबतही दिसून आले आहे. श्रीलंकेत 1990 च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर 70 टक्क्यांच्या आसपास उतरला. तिथल्या शेतकऱ्यांची मने रातोरात कणखर झाली नव्हती. कायदा बदलला, आणि हजारो माणसे त्या एका वाईट घटकेतून जिवंत बाहेर पडली.

तिसरा मुद्दा परंपरेचा. मनाचे श्लोक मनाला उद्देशून आहेत, हे कोण नाकारेल? पण त्याच श्लोकांत सज्जनांच्या संगतीचा आग्रह वारंवार आहे, आणि समर्थांनी उपदेशावर न थांबता गावोगाव मठ आणि मारुती उभे केले, म्हणजे माणसे जमण्याच्या जागा उभ्या केल्या. वारकरी पंथाने तर मोक्षाची वाटही दिंडीतून, शेकडो जणांनी मिळून चालायची ठेवली. इथल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते तेव्हा मुलगी सासरी जाण्याचे दुःख आईच्या एकटीच्या माथी राहत नाही, मांडवातल्या सगळ्यांचे होते. परंपरेने मनाला उपदेश केला, आणि मनाला सोबतही दिली. आजचा सल्लागार उपदेश उचलतो आणि सोबत गाळतो.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येईल. गाव हे काही नुसते सोबतीचे ठिकाण नाही, गाव छळतेही. लोक काय म्हणतील या धाकाने आजार लपवले जातात, मुलीच्या मनाविरुद्ध लग्ने लागतात, हळदीच्या एका रात्रीपायी घर कर्जात जाते. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून पूर्वपक्ष सिद्ध होत नाही, उलट माझेच म्हणणे पुढे जाते. हळदीतल्या दारूचे आणि खर्चाचे दडपण एकट्या बापाला झुगारता येत नाही, कारण ते दडपण सामुदायिक आहे. ते ग्रामसभेच्या, समाजाच्या ठरावानेच सैल होते. आगरी समाजात हा विषय आज उघडपणे बोलला जातो, हे आरोग्याचेच लक्षण आहे.

दुसऱ्या टोकाचेही खंडन करायला हवे. सगळे दुःख सामाजिकच, तेव्हा डॉक्टर आणि औषध नको, असे कोणी म्हणेल तर तेही तितकेच घातक. स्किझोफ्रेनिया, टोकाची मनोवस्था, खोल नैराश्य हे आजार आहेत. त्यांना औषध लागते, वेळेवर लागते, आणि भगताकडे घालवलेले महिने महागात पडतात. विचारांवर काम करणाऱ्या उपचारांनाही भक्कम पुरावा आहे. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांपर्यंत आणला, त्याचा असंख्यांना उपयोग झाला. पण ध्यानात घ्या : तिथेही समोर एक प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. ‘तुझे तू बघ’ हे त्या उपचाराचे सूत्र नाही.

आणि तसे सांगण्याचा परिणाम काय होतो, हेही मोजलेले आहे. बंगळूरच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले. विकारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारांपासून दूर होते. याला डॉक्टरांचा तुटवडा कारण आहेच. पण हा आपलाच दुबळेपणा, आपणच सावरले पाहिजे, असे मानून घरी बसणारेही त्यात आहेत. खासगीपणाचा सिद्धान्त त्यांना दवाखान्याच्या पायरीपर्यंतही जाऊ देत नाही.

मग मंडन काय? सुदैवाने ते शेजारच्या गोव्यात आणि आपल्या विदर्भात करून पाहिलेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांची ‘संगत’ ही संस्था यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत तीव्र नैराश्यातल्या रुग्णांना थोडक्या भेटींत एकच गोष्ट शिकवली होती : सुटलेली कामे आणि सुटलेली माणसे पुन्हा हळूहळू धरायची. तीन महिन्यांनी त्यातले 64 टक्के बरे झाले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. दारूच्या घातक सवयीसाठी अशाच समुपदेशनाची वेगळी चाचणी झाली, तिथेही 36 विरुद्ध 26 टक्के असा फरक दिसला. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी हे काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. पुण्यात 1986 साली उभ्या राहिलेल्या ‘मुक्तांगण’नेही व्यसनमुक्ती एकट्या रुग्णावर सोडली नाही, बायकोचा, घराचा, सुटून आलेल्या मित्रांचा हात त्यात धरला.

हे सारे उरण तालुक्यात करता येण्याजोगे आहे. आशा कार्यकर्त्या आहेत, भजनी मंडळे आहेत, महिला बचत गट आहेत. त्यातल्या दोन-तीन बायकांना आणि निवृत्त शिक्षकांना असे प्रशिक्षण मिळाले, तर प्रत्येक गावात ऐकणारा माणूस तयार होईल, आणि कोणाला डॉक्टरकडे न्यायचे हेही त्याला कळेल. तोवर केंद्र सरकारची 14416 ही टेलिमानस मोफत मदतवाहिनी दिवसरात्र उपलब्ध आहे. तिचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत असावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 18 व्या कलमाने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हक्क असेल तिथे मागणी करता येते, आणि मागणी कशी करायची हे या तालुक्याला कोणी शिकवायला नको.

एक गोष्ट तर आत्ताच करायला हवी. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 124 गावे आता नियोजनाखाली आली आहेत. 1970 मध्ये जे जासईच्या पट्ट्याने पाहिले, ते आता पुढच्या गावांच्या दाराशी आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची तरतूद आहे. जिथे जिथे संपादनाचा विषय येईल, तिथे त्या मूल्यमापनात दिवसाची आखणी मोडणे, बायकांचे काम जाणे, व्यसन आणि नैराश्य यांचा धोका यांना रकाने असावेत, आणि त्यांच्यासाठी समुपदेशक, युवकांसाठी खात्रीचे काम, गावाची सामायिक जागा यांची तरतूद एकरी भावाच्या चर्चेइतक्याच आग्रहाने मागितली जावी.

व्यक्तीने मनाची काळजी घेऊ नये, असे मी म्हणत नाही. झोप, व्यायाम, दारूपासून दूर राहणे, मनातले बोलणे, गरज पडली तर औषध घेणे, हे प्रत्येकाने करावेच. पण ही काळजी घ्यायला लागणारी फुरसत, सोबत, काम आणि दवाखाना कोणालाच एकट्याने उभे करता येत नाही. ते मिळून उभे करायचे असते. जासईने न्याय्य मोबदला मिळून मागितला आणि मिळवला. मनाचे स्वास्थ्यही त्याच सभेत, त्याच ठरावांच्या वहीत मागण्याची गोष्ट आहे. आणि जो कोणी त्या सभेत उठून म्हणेल की मला हल्ली बरे वाटत नाही, त्याला दुबळा न म्हणता त्याचे म्हणणे नोंदवून घेणे हा त्या ठरावाचा पहिला मुद्दा असला पाहिजे.